उंबरावरचा पाळणा

नवसाबाई,

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, हे मला ठाऊक आहे. चष्मा सापडत नाही, उजेड कमी आहे, अक्षर बारीक आहे, अशी तुमची कारणं तयारच असतात. म्हणून सुवर्णाला बजावून ठेवलंय की मोठ्याने वाचून दाखव, आणि सासूबाई मधेच झेंडूला पाणी सोडायचंय म्हणून उठल्या तर पदर धरून बसव.

त्या शर्यतीची गोष्ट तुम्ही फुलबाजारात सांगितलीत, लग्नाच्या मांडवात सांगितलीत, आणि दर वेळी गंमत म्हणूनच सांगितलीत. गाडीत तुमची दातखीळ बसायची बाकी होती, ते मात्र शिताफीने गाळलंत. मी गाळणार नाही. भ्यायलात त्यात लाज कसली? गाडीत मीही होते, पण गोष्ट तुमची आहे. तिच्यात मी नुसती "प्रधानबाई", तुम्ही हाक मारता तशी. तर ऐका.

मखमलाबादच्या मळ्यात नवसाबाईंचं घर. झेंडू, शेवंती, निशिगंध, आणि बांधाला चार ओळी मेथी-कोथिंबीर. नवरा मोतीराम विहिरीवरची मोटर चालू करण्यासाठी आणि बंद करण्यासाठी जन्माला आल्यासारखा माणूस. तोंडातून शब्द काढायचा तर वीज खर्च होते असं त्याला वाटत असावं. मुलगा ज्ञानेश सातपूरला कारखान्यात पाळीवर. सून सुवर्णा. आणि ह्या सगळ्यांना उभं धरणाऱ्या नवसाबाई: साठीच्या, काटक, बोलायला फटकळ, सापाला काठीने उचलून बांधापलीकडे टाकणाऱ्या. त्यांना भीती एकाच गोष्टीची. नवसाची.

त्याला कारण होतं. त्या स्वतः नवसाच्या. दिंडोरीकडच्या त्यांच्या माहेरी, लग्नाला पुष्कळ वर्षं होऊनही आईला मूल नव्हतं, तेव्हा आईने देवीच्या झाडाला लाकडी पाळणा बांधला. मुलगी झाली. मग पीक बुडालं, घरात आजारपणं झाली, आणि पाळणा सोडून नवस फेडायचं राहत गेलं. पाठचा भाऊ तिसऱ्या वर्षी तापाने गेला. आईने त्याचा संबंध त्या झाडाशी जोडला आणि मरेपर्यंत सोडला नाही. "तुझं फेडायचं राह्यलं, म्हणून त्याला नेलं," हे वाक्य नवसाबाई ऐकतच मोठ्या झाल्या. पोरीच्या कानात असलं काही ओतू नये, पण कोण सांगणार?

त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या भागातल्या भगिनी मंडळाला पंचवीस वर्षं झाली आणि मंडळाने बायकांची शोध-शर्यत काढली. तिघीतिघींचा संघ, एक मोटार, गिरणाऱ्यापासून वाघेऱ्याच्या घाटापलीकडे हरसूलपर्यंतचा रस्ता. प्रत्येक ठाण्यावर लाल फडक्याच्या पुरचुंड्या टांगलेल्या. प्रत्येक संघाने एकच घ्यायची. आत एक वस्तू आणि एक चिठ्ठी, त्यावरून पुढचं ठाणं ओळखायचं. लाल फडकं लांबून दिसतं म्हणून निवडलं, असं चिटणीसबाईंचं म्हणणं. लाल फडकं झाडाला आणखी कोण कोण बांधतं, हे त्यांना आठवलं नाही.

प्रधानबाईंच्या संघात मोहिनी होती. चाळिशीची, सातपूरला नट-बोल्टचं छोटं वर्कशॉप चालवणारी, हातात गाडी आली की समोरच्या ट्रकलाही कामगार समजणारी. तिसऱ्या बाईने आदल्या दिवशी अंग काढून घेतलं. सकाळी पूजेची फुलं द्यायला नवसाबाई आल्या, तेव्हा प्रधानबाईंनी त्यांनाच विचारलं. नवसाबाईंनी चौकशी केली की डोक्यावर काय घ्यायचं. काहीच नाही, नुसतं बसायचं, हे कळल्यावर त्यांना ते खरं वाटेना. आयुष्यात त्या गावाबाहेर पडल्या त्या पाटी नाहीतर पोर घेऊन.

अडचण सुवर्णाची होती. आधीची दोन राहिली नव्हती, आता सातवा चालू होता, आणि नवसाबाई तिला दिवसभर डोळ्यांनी बांधून ठेवत. शेवटी सुवर्णाच म्हणाली, "आत्या, जा तुम्ही. सारखं तोंडाकडं बघत बसता, मला घास गिळवत नाही."

त्या गेल्या.

गिरणाऱ्यापर्यंत ठीक चाललं. पुढे घाट लागला आणि नवसाबाईंनी दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरली ती सोडली नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नुसती हवा, आणि मोहिनी एका हाताने गाडी फिरवत दुसऱ्याने शेंगदाणे खात होती. पट्टा गळ्याला काचतोय म्हणून नवसाबाईंनी तो काखेतून घेतला होता. प्रधानबाईंनी दोनदा दटावलं, मग नाद सोडला. पहिल्या दोन पुरचुंड्या झटपट मिळाल्या. एकीत टोमॅटो, दुसरीत शाळेच्या घंटेचा लोलक. मोहिनीच्या हिशेबाने आपल्या पुढे एकच गाडी होती, आणि ती तिच्या नणंदेची होती. त्यामुळे प्रकरण गंभीर होतं.

दुसऱ्या पुरचुंडीतली चिठ्ठी प्रधानबाईंनी वाचली. तीन वाटा मिळतात तिथे बिनछपराची आई बसलीय, तिच्यापाशी पोचलात की डाव्या हाताला बघा. तिठा सापडला. रस्त्यालगत जुना उंबर, त्याखाली शेंदूर फासलेले तांदळे, म्हणजे देवीचे बिनघडलेले दगड, पलीकडे ओढ्यावरची मोरी. मोहिनीने सुटायला सोपं म्हणून गाडी आधीच उलटी वळवून उभी केली. प्रधानबाईंचे गुडघे उतरायला तयार नव्हते. नवसाबाई उतरल्या, डाव्या हाताला वळल्या, आणि सरळ उंबराखाली गेल्या. गाडी वळली तसं डावंउजवंही वळलं, हे तिघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही.

खालच्या फांदीला लाल पुरचुंडी होती. एकच. बाकीच्या लोकांनी नेल्या असतील, असं नवसाबाईंना वाटलं. हात वर गेला आणि तिथेच थांबला; का ते त्यांना कळेना. मागून मोहिनीने हॉर्न दाबला, तो दाबूनच ठेवला. गाठ करकचून मारलेली होती, नखाला दाद देईना. नवसाबाईंनी फांदी ओढून खाली घेतली आणि गाठ दातांनी सोडली.

पुरचुंडी उघडली ती गाडी सुटल्यावर, प्रधानबाईंच्या मांडीवर. चिठ्ठी नव्हती. मूठभर तांदूळ, एक सुपारी, काचेची एक हिरवी बांगडी, आणि वीतभराचा लाकडी पाळणा.

"पाळणा म्हणजे अंगणवाडी," प्रधानबाई म्हणाल्या. बी.एस्सी. झालेल्या, कॉलेजच्या प्रयोगशाळेत जन्म काढलेल्या. उत्तर काढायला त्यांना वेळ लागत नसे. चिठ्ठी नाही म्हणजे कोडं अवघड केलंय, हेही त्यांनीच ठरवलं. अंगणवाडीची पाटी दिसली तिकडे मोहिनीने गाडी घातली आणि गाडी कच्च्या रस्त्यावरून उड्या मारत निघाली.

मागच्या सीटवर नवसाबाईंना पाळणा बघताक्षणी कळलं होतं. बाजारातला रंगीत पाळणा नव्हता तो. कोणीतरी विळ्याने तासलेला, कडा बोटाने घासूनघासून गुळगुळीत केलेला, दोरीऐवजी अंबाडीचा धागा. सांगावं तर जीभ टाळूला चिकटलेली. तोंडात त्या गाठीच्या फडक्याची चव तशीच होती, शेंदराची आणि तेलाची. त्यांनी पदराने ओठ पुसले, पुन्हा पुसले. कोणाचं तरी मागणं आपण दातांनी तोडलं, आणि आपल्या घरात सातवा महिना चाललाय, ह्या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात शेजारीशेजारी येऊन बसल्या आणि हलेनात.

एका चढावर पदरात खोचलेला फोन थरथरला. सुवर्णाच्या फोनवरून येऊन गेलेल्या कॉलांची रांगच लागली होती. नवसाबाईंनी उलट लावला. रेंज गेली. चढ संपला आणि फोन पुन्हा दगड झाला. लागला तो एक आवाजी निरोप, तोही अर्धवट, आणि त्यात सुवर्णा नव्हती. मोतीरामचा आवाज होता. "अगं, ऐक ना..." आणि पुढे खरखर.

मोतीरामने उभ्या जन्मात आपणहून कोणाला फोन लावला नव्हता.

"गाडी थांबवा," नवसाबाई म्हणाल्या. मोहिनीला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असलं तरी नणंद डोळ्यांपुढे होती. मग मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मोहिनीने ब्रेक असा मारला की पुरचुंडी उडाली, तांदूळ पायाशी सांडले, आणि बांगडीचे दोन तुकडे झाले.

नवसाबाई त्या तुकड्यांकडे बघत राहिल्या. मग जे सांगायचं ते त्यांनी एका दमात सांगितलं: हा खेळातला पाळणा नाही, कोणा बाईचा नवस आहे, तो आपण सोडून आणलाय, आणि घरून फोन येतायत. मोहिनी चिडली. मंडळाच्याच बायकांनी ठेवला असेल, आणि नसला तरी असल्या गोष्टींनी काही होत नसतं, मागे फिरलं तर शर्यत गेली, असं बरंच काही ती बोलली. नवसाबाईंनी वाद घातला नाही. त्या खाली उतरल्या, वाकल्या, आणि तांदळाचा दाणा न् दाणा वेचून पदरात घ्यायला लागल्या.

"तुमी जावा पुढं," त्या म्हणाल्या. "मी पायी जाते. माझ्या हातानं झालंय, माझ्या हातानं जागंवर ठेवते."

प्रधानबाईंचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. तरी मांडीवरचा पाळणा त्यांनी केव्हाच उचलून मागच्या सीटवर ठेवला होता, तोही दोन बोटांनी. मोहिनीने ते आरशात पाहिलं. मग मोहिनी म्हणाली, "बसा नवसाबाई. माझ्या वर्कशॉपच्या दाराला दर शनिवारी लिंबू-मिरची लागते, मी कोणत्या तोंडाने बोलू?" आणि गाडी मागे फिरवली.

फिरवली, पण जायचं कुठे? येताना तिघींचं लक्ष पुढे होतं. आता प्रत्येक वळण सारखं दिसायला लागलं. तीच भाताची उडवी, तोच बांध, तेच वाळकं गवत. एका तिठ्यावर आंबा निघाला, दुसऱ्यावर काहीच नाही. भात झोडणाऱ्या एका म्हाताऱ्याला मोहिनीने विचारलं की उंबराखालची देवी कुठे आहे. त्याने उलट विचारलं, कोणत्या गावची? शिवेशिवेला हाय की. नवसाबाईंनी हे ऐकलं आणि पाळणा छातीशी धरला, जसं कोणी काढून घेणार होतं. उन्हं कलायला लागली होती. फोन त्यांनी इतक्यांदा बघितला की प्रधानबाईंनी तो काढून आपल्या पिशवीत टाकला. नुसत्या बघण्याने रेंज येत नाही, असं त्या करड्या आवाजात म्हणाल्या, आणि पुढची पाच मिनिटं स्वतःच पिशवीत डोकावत राहिल्या.

शेवटी मोरी दिसली. तिच्या कठड्याला लाल पुरचुंड्यांची ओळ, बुटाच्या नाडीसारख्या सुटसुटीत गाठी मारलेली. मंडळाच्या पुरचुंड्या त्या. आपली अजून तिथेच लटकत होती. आणि समोर, रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, उंबर.

उंबराखाली एक बाई होती. तिशीच्या आतबाहेरची, अंगावर भाताचा कोंडा, गुडघ्यांवर बसून पाचोळा चाळत होती. थोडं लांब एक पुरुष उभा, हातात विळा.

मोहिनीने दारं आतून लावून घेतली. लोक गाड्या पेटवतात, तिने हळूच म्हटलं. नवसाबाईंनी दार उघडलं. त्या सरळ चालत गेल्या. मागून प्रधानबाई उतरल्या; त्यांच्या गुडघ्यांना आता काही विचारलंच नव्हतं.

बाईने वर पाहिलं. आधी लुगडं, मग हात, मग हातातला पाळणा. ती उठली नाही.

"तुमी सोडला?"

"मी सोडला गं माय. चुकून. ह्या लोकांचा खेळ व्हता, त्यात असंच लाल फडकं व्हतं." नवसाबाईंनी पदर उघडून दाखवला. "तांदूळ सांडले ते वेचलेत. बांगडी फुटली."

बाईने दोन्ही तुकडे तळहातावर घेतले. पुरुष जवळ आला. विळा त्याच्या हातातच होता, आणि नवसाबाई त्या पात्याकडे बघत होत्या, त्याच्या तोंडाकडे नाही. त्यांनी सांगून टाकलं की घरी सुनेला सातवा आहे, आधीची दोन गेलीत, फोन लागत नाही, काय शाप द्यायचा तो मला दे, घरात जाऊ देऊ नको.

बाईने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नवसाबाई नंतर प्रधानबाईंना म्हणाल्या. मग तिने नवसाबाईंचा हात धरला आणि मनगटावरच्या हिरव्या बांगड्या पाहिल्या.

"ह्यातली एक द्या," ती म्हणाली. "पोरंबाळं झालेल्या बाईची हाय. चालंल."

बांगडी निघेना. वर्षानुवर्षं खुरपं धरलेले हात, पेरं जाड झालेली. नवसाबाईंनी थुंकी लावली, ओढलं. मग त्या बाईने ओढलं. दोघी कुस्तीला लागल्यासारख्या एकमेकींना रेटत होत्या. सालटं निघालं, रक्ताचा ठिपका आला, आणि बांगडी अखंड बाहेर आली. बाई पहिल्यांदा हसली. नवसाबाईंना हसता येईना.

तिचं नाव चिमणाबाई. नवरा हिरामण. लग्नाला आठ वर्षं. पाळणा हिरामणने तासला होता आणि तिने त्या दिवशी सकाळीच कामावर जाता जाता बांधला होता. परत येताना बघते तर फांदी रिकामी. तिने पुरचुंडी पुन्हा बांधली, पण फांदीला लावायला नवसाबाईंच्या हातात दिली. ज्याने सोडला त्यानेच बांधायचा, असं तिचं म्हणणं. ही त्यांच्यातली रीत होती, की तिने उभ्याउभ्या काढलेला तोडगा, हे प्रधानबाईंना आजवर कळलेलं नाही. गाठ मारायला दोन्ही हात हवेत, मग फांदी कोण धरणार? हिरामणने विळ्याच्या आकड्याने ती वाकवून धरली. विळ्याचा त्या दिवशी झालेला एवढाच उपयोग.

"शर्यत का?" तो मोटारीकडे बघत म्हणाला. "मंग पळतं कोन? तुमी तर बसेल हायत."

निघताना चिमणाबाईने नवसाबाईंना थांबवलं.

"बांधला तुमी, तर सोडायला बी तुमीच या. पोर झालं का. आमी आता जगायला जाऊ, द्राक्षाच्या कामावर. व्होळीला घरी असतो. ही नाय, फुडल्या व्होळीला या. नारळ घेऊन या."

नवसाबाईंनी हो म्हटलं. प्रधानबाईंनीही म्हटलं, मी घेऊन येईन यांना, नारळ माझा.

गिरणाऱ्याच्या अलीकडे रेंज आली. नवसाबाईंनी फोन कानाला लावला आणि डोळे मिटले. मोहिनीने गाडी कडेला घेतली. पलीकडून मोतीरामने विचारलं की दाभण कुठे ठेवलीय, पोतं फाटलंय. सुवर्णा कुठे आहे? झोपलीय. झोपलीय म्हणजे? म्हणजे झोपलीय, पोरीचा आत्ता कुठे डोळा लागलाय, उठवायला नको, म्हणून तिचा फोन घेऊन तुला लावला. नवसाबाईंनी त्या सज्जन माणसाला अशा शिव्या दिल्या की मोहिनीने कौतुकाने ऐकल्या. मग त्या पट्ट्यासकट पुढे वाकल्या आणि मखमलाबाद येईपर्यंत तोंड वर केलं नाही. मोहिनीच्या नणंदेला पहिला नंबर मिळाला.

माघात सुवर्णाला मुलगी झाली. धडधाकट, आजोबांच्या वाट्याचंही बोलणारी.

ती होळी गेली. पुढची होळी आली, सांगितलेली. प्रधानबाईंनी नारळ आणून ओट्यावर ठेवला, मोहिनी गाडी घेऊन तयार होती. नवसाबाईंना नेमकी लग्नाच्या हारांची ऑर्डर आली. त्यानंतर प्रधानबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. नारळ चटणीत गेला, दुसरा आला. मग एक सकाळ आली, ऑर्डर नव्हती, डोळे बरे होते, मोहिनी रिकामी होती. नवसाबाई फुलांचा पुडा देऊन जिन्यात थांबल्या.

"बाई, गेलो आन तिच्या दारात पोर नसलं म्हंजी?"

प्रधानबाई म्हणाल्या, नसेल तर नसेल, भेटून येऊ.

"आन असलं," नवसाबाई म्हणाल्या, "आन इतके दिस आपन गेलोच नाय, तर? माझ्या आईचं तेच झालं." आणि खाली उतरून गेल्या.

तेव्हापासून पूजेची फुलं रोज येतात. नवसाबाई दारातून ओट्याकडे एकदा बघतात आणि हवेबद्दल बोलतात. प्रधानबाईही हवेबद्दलच बोलतात. हरसूलची वाट दोघींनी धरलेली नाही. ओट्यावरचा नारळ तिसरा आहे. काल मी हलवून पाहिला, पाणी वाजत नाही.